मूर्तिजापूरच्या फलाटावर दीर्घिका

शाहीन,

तुला घेऊन पुरुष मंडळी कब्रस्तानाकडे निघाली आणि आम्ही बायका घरात राहिलो. तुमच्यात बायका मागेच थांबतात हे मला माहीत होतं, तरी मी चपला घालून दारापर्यंत गेले. तुझ्या मिस्टरांनी, रफिकभाईंनी, एकदा वळून पाहिलं. मग मी चपला काढल्या आणि आत येऊन तुझ्या फुफीजवळ सतरंजीवर बसले.

फुफी, म्हणजे तुझ्या अब्बांची बहीण, अचलपूरहून आल्या होत्या. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून बोलतात मोठ्यानं. सगळ्याजणी हळू आवाजात कुराण पढत होत्या आणि मध्येच फुफींनी मला विचारलं, "मंगल, एक बात बता बेटा. तुम दोनों मूर्तिजापूर के टेसन पे बैठ के करते क्या थे?"

पढणाऱ्या दोघी-तिघी थांबल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. म्हणजे हा प्रश्न एकट्या फुफींचा नव्हता.

विषय आपला होता, त्यामुळे सांगता आलं. म्हटलं, "फुफी, आपला सूर्य हा एक तारा हाय. तसे अब्जावधी तारे एका जागी असले की त्याले दीर्घिका म्हणतात. आपली आकाशगंगा तशीच एक. लय दूरच्या दीर्घिकांचा उजेड इथपर्यंत यायले अब्जावधी वर्षं लागतात. म्हणून त्या आज कशा हायेत ते दिसत नाही, तवा कशा होत्या ते दिसते. जवळच्या पाहिल्या की मोठ्या झालेल्या दिसतात, दूरच्या पाहिल्या की लहानपणच्या. शाहीन अन् मी तेच पाहत होतो. लहानपणी त्यायचा आकार कसा होता, कशा फिरत होत्या, अन् मोठ्या होऊन कशा झाल्या."

फुफींनी थोडा विचार केला. "तो सुधरते क्या बडे हो के?"

तुझ्या घरात, त्या दिवशी, मला हसू आलं. तू असतीस तर फुफींचा हात धरून नाचली असतीस. आपण इतकी वर्षं ज्यावर भांडलो ते त्यांनी एका वाक्यात विचारलं होतं.

"शाहीन म्हणे, सुधरतात," मी सांगितलं. "मी म्हणो, बिघडतात."

"वो तो ऐसाच बोलेगी," फुफी म्हणाल्या, आणि पुन्हा पढायला लागल्या.

आपली पहिली भेट तुला आठवत नव्हती, मला आठवते. विद्यापीठातली प्रयोगशाळा, एमएस्सीचं पहिलं वर्ष. तू परतवाड्याहून एसटीनं आली होतीस, मी नांदगाव खंडेश्वरहून. तुझ्या अब्बांची लाकडाची वखार, माझ्या बाबांची शेती. दोघींच्याही घरात भौतिकशास्त्र म्हणजे काय ते कोणाला ठाऊक नव्हतं. वर्णपटमापकावर डोळा लावून तू मला पहिलं वाक्य बोललीस ते असं: "पाय काढ तिकडं, टेबल हलून राहिलं." नाव वगैरे नंतर. मला राग आला, पाय मात्र मी काढला. टेबल खरंच हलत होतं.

नंतर तू लग्न होऊन अकोल्याला गेलीस आणि तिथंच कॉलेजात शिकवायला लागलीस. मी अमरावतीत लागले. अधूनमधून फोन, लग्नकार्यात भेटी. मैत्रिणी असतात तशा आपण होतो. ते बदललं पुण्याच्या त्या उन्हाळी वर्गामुळे. प्राध्यापकांसाठी होता. तिथल्या एका सरांनी सांगितलं की जगातल्या मोठ्या दुर्बिणींनी घेतलेल्या दीर्घिकांच्या नोंदी काही काळानं सगळ्यांसाठी खुल्या होतात, कोणीही घ्यावं आणि काम करावं. वर्गात बाकीचे टिपून घेत होते. तू हात वर केलास. "सर, कोनीही म्हणजे आमीबी?"

दोघं-तिघं हसले. तुझ्या प्रश्नाला नव्हे, त्या 'आमीबी'ला. सर हसले नाहीत. "तुम्हीही," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसली होतीस. दौंड गेल्यावर म्हणालीस, "मंगल, करू का आपण?" मला वाटलं, आठवडाभरात विसरशील. अकोल्याला उतरताना तू मूर्तिजापूरचं ठरवूनच उतरलीस. तुझ्या घरी कोणी ना कोणी सतत येणार, माझ्या घरी सासूबाईंचं आजारपण. मूर्तिजापूर आपल्या दोघींच्या मधलं स्टेशन, तुलाही तेवढंच लांब, मलाही साधारण तेवढंच. रविवारी सकाळी तू एका बाजूनं यायचीस, मी दुसऱ्या. फलाटावरच्या चहाच्या टपरीमागं एक सिमेंटचा बाक होता, त्यावर सावली बरीच वेळ टिकायची. लॅपटॉप मांडीवर, डबे मध्ये. लोकांना वाटायचं, आपण कुठल्यातरी परीक्षेचे पेपर तपासतोय.

लोक मला अजून विचारतात, रात्री जागून दुर्बिणीतून पाहता का? कामासाठी आपण कधीच तसं नाही पाहिलं. आपण दीर्घिका पाहिल्या त्या भरदुपारी, पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून तुझी ओढणी धरून. आणि दिसायचं काय, तर ठिपके आणि रेघा. दीर्घिकेतला तापलेला वायू ठरावीक रंगाचा उजेड देतो, त्याची वर्णपटात एक रेघ उमटते. दीर्घिका चकतीसारखी फिरत असेल तर तिची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते, आणि रेघ एका बाजूला निळ्याकडे, दुसऱ्या बाजूला लालकडे सरकते. वायू शिस्तीत फिरत नसेल, वाटेल तिकडे उसळत असेल, तर रेघ जाड होते. आपलं सगळं काम ह्या दोन गोष्टींत होतं, रेघ किती सरकली आणि किती जाड झाली.

दूरच्या, म्हणजे कोवळ्या वयाच्या दीर्घिका बहुतेक ओबडधोबड दिसतात. गोळे गोळे, जाडजूड, वायूनं भरलेल्या, आतल्या आत उसळणाऱ्या. जवळ येत जाऊ तसा तो उसळता वायू निवत जातो, चकती पातळ होते, फिरणं एका लयीत येतं, त्यातून सर्पिल हात निघतात. हे तुझं आवडतं प्रकरण. माझं दुसरं होतं. अशा नीटनेटक्या चकत्याही एकमेकींवर जाऊन आदळतात. आदळल्यावर चकती राहत नाही. वायू संपतो, नवे तारे होत नाहीत, आणि उरतो एक गोल, अंड्यासारखा ढिगारा, ज्यातला प्रत्येक तारा आपापल्या दिशेनं जातो. मोठमोठ्या समूहांच्या मधोमध असेच ढिगारे बसलेले असतात.

"दोन्ही खरंच हाय ना," तू म्हणायचीस. "पण तू नेहमी शेवटालेच काहून जातं वं?"

"कारण शेवट तोच हाय."

"आदळल्याबिगरच्या कितीक हायेत. आपलीच पाह्य, किती साजरी फिरून राहिली."

"आपली अन् शेजारची देवयानी दीर्घिका आदळणार हाय."

मग मध्ये एकदा बातमी आली, की पूर्वी सगळे ठामपणे सांगायचे तसं ते आता ठाम नाही, आपली आकाशगंगा आणि देवयानी आदळतील किंवा नाहीही आदळणार. तू मला वर्ग चालू असताना फोन केलास. मी घाबरून बाहेर येऊन उचलला. "पाह्यलं का?" एवढंच म्हणालीस आणि ठेवून दिलास.

देवयानी तू एकदा दाखवलीही होतीस. चिखलदऱ्याला दोन्ही कॉलेजांच्या मुली नेल्या होत्या, हिवाळ्यात. जेवणाआधी, नुकतं अंधारलं असताना, तू त्यांना द्विनेत्री दुर्बीण धरायला दिलीस. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, नुसता धब्बाच दिसून राहिला."

"तेवढंच दिसते," तू म्हणालीस. "बाकीचं काढा लागते."

मी आता वर्गात हे वाक्य वापरते. तुझं आहे म्हणून सांगत नाही.

आता पेपरचं.

आपला पहिला पेपर स्वीकारला गेला तेव्हा तू पीएचडीच्या नोंदणीच्या शेवटच्या टप्प्यात होतीस. छापलेला पेपर हवा, ही अट होती, आणि मुदत फार उरली नव्हती. पेपरात आपण म्हटलं होतं की कोवळ्या दीर्घिकांमधल्या ज्या लहान आकाराच्या आहेत, त्या समजलं जातं त्याहून खूपच जास्त विस्कळीत आहेत, त्यांच्यात फिरणं असं जवळपास नाहीच. निष्कर्ष ठसठशीत होता. रफिकभाईंनी दुकानात पेढे वाटले. विजेच्या सामानाच्या दुकानात पेढे कशाचे, म्हणून गिऱ्हाइकं विचारायची, आणि ते सांगायचे, "मिसेसनं तारे मोजले."

दिवाळीच्या सुट्टीत तुझा फोन आला. "रविवारी ये. लॅपटॉप आण." आवाजावरून मला काही कळलं नाही. तुझ्या आवाजावरून कोणालाच कधी काही कळलं नाही.

बाकावर बसल्यावर तू डबा काढला नाहीस. तू संगणकात एक खोटी दीर्घिका बनवली होतीस. लहान, पातळ, एकदम शांत, घड्याळासारखी फिरणारी, उसळणं नावालाही नाही. ती आपल्या दुर्बिणीला जेवढी धूसर दिसली असती तेवढी धूसर केली होतीस. आणि मग आपल्याच प्रोग्राममध्ये घातली होतीस.

"आता पाह्य, हा काय म्हणते."

प्रोग्राम म्हणाला, ही दीर्घिका विस्कळीत आहे, फिरत नाही.

मी पुन्हा चालवून पाहिला. तेच. तू दुसरी बनवलीस, तिसरी बनवलीस. तेच. धूसरपणामुळे डावी कड आणि उजवी कड एकमेकींत मिसळत होती, निळं आणि लाल एकत्र होऊन रेघ जाड दिसत होती, आणि आपण त्या जाडीला उसळणं म्हणत होतो. धूसरपणाची दुरुस्ती आपण केली होती. पण मोठ्या दीर्घिकांसाठीची दुरुस्ती लहानांनाही लावली होती. त्यांना ती पुरत नव्हती.

"आपण शांत पोरगी आत टाकली," तू म्हणालीस, "अन् यानं तिले येडी ठरवलं."

मी म्हटलं, मोठ्यांचं बरोबर आहे ना, मग दुरुस्ती पाठवू. तशी सोय असते, सगळे पाठवतात. पेपर राहील, खाली दुरुस्तीची टीप येईल.

"आपल्या पेपरचं नावच लहानग्यांवर हाय. ते काढलं तर राहिलं काय?"

"तुझी नोंदणी राहील."

"मले माहीत हाय हे खोटं हाय, अन् त्याच्या जोरावर मी डॉक्टर होऊ?"

"खोटं नाही वं, चूक हाय. चूक अन् खोटं एक नसते. चूक दुरुस्त करतात, त्यासाठी पूर्ण पेपर मागं नाही घेत."

"कालपर्यंत चूक होती. आता मले कळलं. आता खोटं हाय."

त्यावर मी बरंच बोलले. तू एकदा उठून टपरीवरून पाणी घेऊन आलीस, मला दिलंस, आणि पुन्हा ऐकत बसलीस. मी म्हटलं, एवढ्या वर्षांची मेहनत, घर सांभाळून, वर्ग सांभाळून. मी म्हटलं, पुण्यात हसणारे होते ते पुन्हा हसतील. हे तुला लागेल असं मला वाटलं होतं. "हसू दे," तू म्हणालीस. "त्यायले दात हायेत." शेवटी तू लॅपटॉप माझ्याकडे वळवलास. पेपर मागं घेत असल्याचं पत्र तू लिहूनच आणलं होतंस. दोघींची नावं होती, दोघींची संमती लागणार होती.

मी संमती दिली. पटलं म्हणून नाही, आणि तसं तुला तिथंच सांगितलं.

पेपर गेला. मुदतीत दुसरा झाला नाही, होणार नव्हताच. नोंदणी संपली. तुझ्यानंतर कॉलेजात लागलेल्या दोघांच्या नावामागे डॉक्टर आलं, तुझ्या आलं नाही. तू त्याबद्दल कधी बोलली नाहीस, आणि त्यामुळे मला ते जास्त खुपायचं. शाहीन, आजही माझं मत तेच आहे. दुरुस्ती चालली असती. हे मी तुझ्या हयातीत पुष्कळदा म्हटलं, आता तू उत्तर देऊ शकत नाहीस म्हणून बदलणार नाही.

पण एक राहिलं. नागपूरच्या दवाखान्यात, दुसऱ्या ऑपरेशननंतर, तू मला विचारलंस, "तुले पटलं नव्हतं, तर हाव काहून म्हणालीस वं?" इतक्या वर्षांनी. मी तोंड उघडलं तेवढ्यात नर्स आली, तुला उठवून बसवलं, सलाइनची सुई हलली म्हणून धावपळ झाली, आणि ते राहूनच गेलं. मग आपण दुसरंच बोललो.

उत्तर असं होतं. ती चूक आपल्याला दुसऱ्या कोणी दाखवली नव्हती. छापणाऱ्यांना दिसली नव्हती, तपासणाऱ्यांना दिसली नव्हती, मला दिसली नव्हती. तू दिवाळीच्या सुट्टीत, माझ्याकडे करंज्या-चिवडा खायला यायचं सोडून, आपलाच पेपर खोटा आहे का ते पाहायला बसलीस. जी बाई असं करते तिच्याशी भांडता येतं, पण तिला एकटीनं मागं घ्यायला लावता येत नाही. मी हाव म्हटलं ते पेपरासाठी नव्हतं. हे मी चार वाक्यांत तुला सांगू शकले असते. नर्स गेल्यावरही वेळ होता.

त्यानंतरचं काम आपण फार हळू केलं. प्रत्येक दीर्घिकेमागं तू खोट्या दीर्घिका बनवायचीस, वेगवेगळ्या धूसर, वेगवेगळ्या तिरक्या, आणि प्रोग्राम फसतो का ते पाहायचीस. निष्कर्ष आता ठसठशीत नव्हता. लहान, कोवळ्या दीर्घिकांपैकी काही खरंच विस्कळीत होत्या, काही चक्क फिरत होत्या, आणि बऱ्याच अशा होत्या की त्यांच्याबद्दल काही सांगता येत नाही. 'सांगता येत नाही' हा रकाना सगळ्यात मोठा झाला. तुला त्याचं काही वाटत नव्हतं. तुझं लक्ष फिरणाऱ्यांकडे होतं.

त्यातली एक तुझी लाडकी. विश्व अजून लहान होतं तेव्हाची, आणि तरी एवढ्या सुरेख फिरणारी, की एक कड निळी, एक लाल, मध्ये हळूहळू बदलत जाणारे रंग. तू तिला भाकर म्हणायचीस. पातळ, गोल, फिरवून फिरवून थापलेली. इतक्या लवकर इतकी शांत चकती असू शकते, हे तुझ्या बाजूचं सगळ्यात मोठं उदाहरण होतं, आणि नव्या पेपरात तिचंच चित्र सगळ्यात मोठं होतं.

मला ती पहिल्यापासून पटली नाही. एका बाजूला जरा जास्त उजेड होता.

"ही भाकर नाही," मी म्हणायची. "दोन आलुबोंडे हायेत, एकमेकायले चिपकलेले."

"तुले सगळीकडे टक्करच दिसते."

"दोन दीर्घिका एकमेकींभवती जात असल्या, एक इकडे येऊन राहिली, एक तिकडे जाऊन राहिली, तरी रंग असेच दिसतीन ना?"

"दिसतीन. पण ही तशी नाही."

"काहून?"

"मी इतके दिवस पाहून राहिली तिले."

हे उत्तर तुझ्यासारखं नव्हतं. एरवी कोणी वर्गात असं बोललं असतं तर तू त्याला बाहेर काढलं असतंस. पण तेव्हा तू दवाखान्यात उशीला टेकून बसली होतीस, हातातली लाल-निळी छापील प्रत डोळ्यांजवळ धरली होतीस, आणि मी पुढे बोलले नाही. आजारी होतीस म्हणून सोडलं असं नाही. त्यापेक्षा स्पष्ट चित्र कोणाकडेच नव्हतं, मग भांडून करणार काय?

तू गेल्यावर रफिकभाईंनी ते चित्र मोठं करून घेतलं. चौकट करून दुकानात गल्ल्याच्या वर लावलं. बल्ब घ्यायला आलेल्या माणसाला सांगतात, हे आमच्या मिसेसनं शोधलं. शोधलं नव्हतं, ते दुर्बिणीवाल्यांनी शोधलं होतं, पण मी सुधारायला गेले नाही.

पेपर पाठवायचं माझ्याकडे होतं. तुझं नाव पहिलं, त्याला छोटी खूण आणि खाली 'दिवंगत'. हे लिहायला मला एक पूर्ण दुपार लागली, बाकी सगळा पेपर तयार होता. पाठवण्याआधी एकदा पाहावं म्हणून मी नव्या अवकाश दुर्बिणीच्या खुल्या नोंदी उघडल्या. आकाशाचा आपला तुकडा त्यात नुकताच आला होता. प्रयोगशाळेत विद्यार्थी नव्हते, परीक्षा संपल्या होत्या. भाकरीच्या जागेचे आकडे टाकले, चित्र यायला वेळ लागला.

दोन होत्या, शाहीन.

स्वच्छ दोन. जवळजवळ, एक जरा मोठी, आणि दोघींच्या मधून ताऱ्यांची एक बारीक वाकडी शेपटी ओढली गेलेली. लहानग्या, एकमेकींत घुसायच्या बेतात. आपल्या जुन्या चित्रात त्या मिसळून एक सपाट चकती दिसत होती. पहिल्या पेपरात धूसरपणानं शिस्तीला गोंधळ ठरवलं होतं, इथं त्यानं टकरीला शिस्त ठरवलं.

मी मोठ्यानं म्हणाले, "पाह्यलं का?" आणि कोणीच नव्हतं. इतकी वर्षं मला तुझ्यासमोर एकदा जिंकायचं होतं. जिंकले तर ते असं.

मग मी दोन दिवस काही केलं नाही. मनात आलं ते सांगते. ते चित्र आपल्या नोंदींतलं नव्हतं. पेपर तसाच गेला असता तर आपल्या आकड्यांप्रमाणे बरोबर होता. पुढं कोणीतरी पाहिलं असतं आणि लिहिलं असतं की ह्या दोन आहेत, तसं होतच असतं. तुझ्या नावाचा हा एकच पेपर. त्यात तुझी भाकर. आणि दुकानात ती चौकट. कोणाचं काय बिघडणार होतं?

पण मला आता कळलं होतं. कळल्यावर त्याला काय म्हणायचं, ते तू मला त्या बाकावर सांगितलं होतंस. तेव्हा मी मानलं नव्हतं. ह्या वेळी वाद घालायला समोर कोणी नव्हतं, आणि मी तुझ्याच बाजूनं बोलत होते.

गेल्या रविवारी अकोल्याला गेले. मूर्तिजापूर आलं तेव्हा पुस्तक वाचत राहिले. रफिकभाई दुकानातच होते. त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. बारीक झालेत. जेवतात म्हणाले, पण सांगायच्या पद्धतीवरून खरं वाटलं नाही. मी लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. जुनं, आणि नवं.

"हे तेच हाय?" त्यांनी विचारलं.

"तेच. आता साफ दिसून राहिलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. वाकून बघत बसले. वरच्या चौकटीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे.

"मंग शाहीनचं चुकलं म्हणा ना."

"हाव," मी म्हणाले. "ह्या एकीचं चुकलं. बाकीचं बरोबर हाय. पण ही पेपरातून काढा लागते."

"तुमी तवाच म्हणत होत्या, दोन हायेत म्हणून. दवाखान्यात. मी ऐकलं होतं."

"हाव."

त्यांनी गल्ल्याचा ड्रॉवर उघडला आणि तसाच बंद केला. बाहेर एक ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, मी येऊन चूक केली, निदान एक वर्ष जाऊ द्यायचं होतं.

"ती असती तर तुमाले रातोरात फोन केला असता," ते म्हणाले. "मंगल, काढ म्हणून. मले झोपू दिलं नसतं." मग म्हणाले, "काढा."

मी म्हटलं, चौकट हवी तर राहू द्या, चित्र छानच आहे.

"राहूच देतो. काढून काय करू?" त्यांनी स्टुलावर चढून चौकट उतरवली, काउंटरवर आडवी ठेवली, आणि बल्बच्या खोक्यांवर लिहायचा काळा मार्कर माझ्या हातात दिला. "याच्यावर लिहून द्या तुमी. दोन हायेत म्हणून. साफ अक्षरात."

मी काचेवर, खालच्या बाजूला लिहिलं, 'ह्या दोन आहेत.' त्यांनी वाचलं, चौकट परत वर टांगली, सरळ केली.

तेवढ्यात होल्डर घ्यायला एक माणूस आला. रफिकभाई होल्डर काढत होते तोवर त्यानं वर पाहिलं, खाली लिहिलेलं वाचलं, आणि विचारलं, "हे काय हाय, भाई?"

"आमच्या मिसेसची चूक हाय," रफिकभाई म्हणाले. "काल-परवाच सापडली."